पुस्तक मिटवून विचारा

मॅडम, तुमचं पहिलंच वर्ष आहे म्हणून सांगते. 'पोरांना विज्ञानाची गोडीच नाही' असं लगेच ठरवू नका. परळच्या शाळेत माझ्याकडे नववीतला एक मुलगा होता. धडा चार-चारदा वाचायचा, अर्ध्या ओळी पिवळ्या हायलायटरने रंगवलेल्या, आणि चाचणीत वीसपैकी सहा. कष्टात कमी नव्हता, पद्धत चुकत होती. मार्क पडेनात, म्हणून मग मनही उडालं.

मी त्याला पुस्तक मिटवून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायला लावलं. पहिल्या दिवशी जेमतेम तीन ओळी; रडवेला झाला. राहिलेलं पुस्तकात बघून लाल पेनाने भरायचं, दोन दिवसांनी पुन्हा तेच. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर हेच तपासलं होतं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२.

गोडीचं म्हणाल, तर जडत्व, म्हणजे वस्तू आहे त्याच गतीत राहू पाहते ते, लोकलपासून सुरू करा. ब्रेक लागला की उभी गर्दी कुठे झुकते, ते मुलांनाच सांगू दे. आणि नुसतं 'हुशार आहेस' नको. 'आकृती तीनदा काढलीस, म्हणून बाण बरोबर आले' असं नेमकं बोला.