आवाज वाढवू नकोस, सूर बदल

गाडीचा आवाज रेसकारसारखा हवा म्हणून मफलर (सायलेन्सर) कापायची घाई करू नकोस. त्याने गाडी फक्त मोठ्याने ओरडेल. रेसकारचा तो चिरत जाणारा सूर येतो सिलिंडरांची संख्या आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) यांतून. हिशोब करून बघ: चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन ६,००० आरपीएमला सेकंदाला २०० स्फोट करतं, फॉर्म्युला वनचं जुनं दहा सिलिंडरचं व्ही-१० इंजिन १८,००० ला १,५००. हे अंतर कुठलाही पाइप भरून काढत नाही, पण सूर स्वच्छ नक्की करता येतो.

पहिला खर्च हेडरवर कर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांच्या जुडग्यावर. सगळे पाइप सारख्या लांबीचे असले की स्पंदनं ठरावीक अंतराने येऊन मिळतात, घरघर कमी होते आणि एकसंध स्वर उरतो. मला यातला हाच भाग सगळ्यात सुंदर वाटतो! आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन असेल तर एक्स-पाइपही (दोन्ही बाजूंचे धुराचे पाइप एक्स आकारात जोडणारा तुकडा) बघ, आवाज बराच धारदार होतो. टर्बो असेल तर अपेक्षा कमी ठेव, धुराच्या झोताने फिरणारी त्याची टर्बाइनच बराचसा आवाज गिळते.

कमी आरपीएमला केबिनमध्ये घुमणाऱ्या आवाजाने लांबच्या प्रवासात डोकं उठतं. त्यावर रेझोनेटर, म्हणजे तो घुमणारा सूर दाबणारा पाइपमधला डबा, हवाच. धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मात्र हात लावू नकोस. झडपेचा मफलर घे: वस्तीत बंद, ट्रॅकवर उघडा.