कोकणातल्या दमट हवेत घरच्या सुतारकामाला न वाकणारं लाकूड कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की गुहागरला घरी आंब्याच्या दहा इंची फळ्यांची मांडणी केली, वरून पॉलिशचे दोन हात दिले, आणि जुलैत फळ्यांना बाक आला. तर आता सागवानच घ्यावं का? सागवान उत्तमच. पण ओली किंवा वेडीवाकडी कापलेली सागवानी फळीसुद्धा वाकते. मी वखारीत झाडाचं नाव नंतर विचारतो, आधी फळीचं तोंड बघतो.

टोकाच्या कापावर ओलं बोट फिरवा, वाढीच्या वर्तुळांच्या रेषा उठून दिसतात (सागात स्वच्छ, आंब्यात पुसट). या रेषा फळीच्या रुंद बाजूला जवळपास काटकोनात उभ्या असतील, तर ती फळी आपल्यासाठी बाजूला काढून ठेवा. आडव्या, कमानीसारख्या पसरल्या असतील तर फळीचं पन्हळ व्हायची शक्यता जास्त. लाकूड वर्तुळाच्या दिशेने जितकं आकसतं-फुगतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे हलतं. लांबीत तर जवळपास नाहीच. कमानीवाल्या फळीच्या दोन अंगांना ही ओढ सारखी नसते, म्हणून ती वाकते. आणि झाडाचा मधला गाभा फळीत आलेला असेल, तर ती फुकट मिळाली तरी नको. तडकणारच.

मग फळीच्या एका टोकाला डोळा लावून कडेवरून दुसऱ्या टोकापर्यंत बघा. बाक किंवा पीळ लगेच कळतो. वखारवाला म्हणेल, “रंधा मारला की जाईल.” बाक एखाद वेळेस जाईल, पिळात मात्र जाडी पार संपते.

झाडांचं म्हणाल तर आपल्याकडे शिवण मिळाली तर सोडू नका. हलकी, कामाला मऊ आणि आकाराला पक्की. नीट सुकलेला फणसही चांगला. ऐनाचं लाकूड दणकट, पण सुकताना तडकतं आणि वाकतं. वाशाला ठीक, घरच्या कपाटाला नको. सुरूच्या वाटेला जाऊच नका. जुनं घर पाडताना निघालेले सागाचे वासे मिळाले तर माझी पहिली पसंती त्यांना. फक्त खिळे काढून घ्या, नाहीतर गिरणीवाला करवतीला लावायला तयार होत नाही. चिरल्यावर पंधरा दिवस तसेच ठेवा, आतला ताण सुटून जी वाकायची ती फळी वाकून मोकळी होते.

ताजं चिरलेलं लाकूड सावलीत, दोन थरांमध्ये पट्ट्या घालून, टोकांना रंग फासून ठेवायचं. इंचभर जाडीला ढोबळमानाने वर्ष. पण सुकलं म्हणजे हलायचं थांबलं असं नाही. आर्द्रता नव्वदीला टेकली की सुकं लाकूडही १८-२० टक्के ओल धरतं. उन्हाळ्यात १२ इंच रुंद असलेली कमानीवाली सागवानी फळी त्यामुळे तीनेक मिलिमीटर रुंदावू शकते. म्हणून मे महिन्यात घट्ट बसवलेला खण जुलैत उघडत नाही. फट ठेवा, आणि रुंद फळीऐवजी तीन-तीन इंची पट्ट्या जोडा. मोठ्या सपाट दारासाठी तर मी सरळ ब्लॉकबोर्ड (आत लाकडी पट्ट्या, दोन्हीकडून पातळ थर चिकटवलेली तयार फळी) घेतो, त्यात कमीपणा कसला?

तुमच्या फळ्या वाकण्यात त्या एकतर्फी पॉलिशचाही हात दिसतोय. खालची बाजू कोरी, ती ओल पीत राहिली, वरची अडून बसली. दोन्ही बाजू आणि टोकं, सगळीकडे सारखेच हात द्यायचे.

आत्ता त्यांना रंधा मारू नका. पावसात सपाट केलेली फळी सुकल्यावर उलटी वाकेल. सोडवून भिंतीपासून लांब, पट्ट्यांवर आडव्या ठेवा आणि दिवाळीनंतर बघा. बऱ्याचशा आपोआप सरळ झालेल्या असतील, त्यांची कोरी बाजू तेव्हा पॉलिश करून घ्या.