ससा घरात आणण्याआधी पायाखालची फरशी पाहा

उन्हाळ्याच्या सुटीत मुलांच्या हट्टापायी अनेक घरांत ससा येतो आणि सुटी संपली की या सदराकडे पत्रे येऊ लागतात. यंदाच्या बहुतेक पत्रांत वायरींची चिंता आहे. माझ्या दवाखान्यात सशांच्या सर्वाधिक दुखापती ज्या गोष्टीमुळे येतात, तिच्याबद्दल मात्र एकाच वाचकाने विचारले आहे, म्हणून त्या उत्तराला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : सशाने मोबाइलच्या चार्जरची वायर दोनदा कुरतडली. वायरला कडुनिंबाचे तेल चोळले की तो तोंड लावत नाही, असे शेजारी सांगतात. करून पाहावे का? (ठाणे)

उत्तर : करू नये. कडू चवीने काही ससे थांबतात, काही अजिबात थांबत नाहीत, आणि सुरक्षेची भिस्त अशा नशिबावर ठेवता येत नाही. बिळात आडवी आलेली मुळी कातरून वाट मोकळी करायची, हा सशाचा उपजत स्वभाव आहे, आणि त्याला जमिनीलगतची वायर मुळीसारखीच वाटते. वायरी जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच घ्याव्यात, उरलेल्या केसिंग पट्टीत बंद कराव्यात, आणि फ्रिज व टीव्हीच्या मागची फट फळी लावून बुजवावी. चालू वायर चावताना ससा सापडला, तर आधी मेन स्विच बंद करा आणि मगच त्याला हात लावा. तो बरा दिसत असला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण विजेच्या धक्क्यानंतर फुप्फुसांत पाणी साठण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.

प्रश्न : नव्या फ्लॅटमध्ये आल्यापासून आमचा ससा एकाच सतरंजीवर बसून असतो. पिंजरा उघडा असूनही फरशीवर उतरत नाही. तो आळशी झाला आहे का? (पिंपरी)

उत्तर : तो घाबरला आहे, आणि त्याची भीती रास्त आहे. कुत्र्या-मांजराच्या तळव्याला असते तशी मऊ गादी सशाच्या तळव्याला नसते, तिथे नुसती दाट लव असते. माती आणि गवत यांवर ती लव उत्तम पकड घेते, पण गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइलवर तिचा काहीच उपयोग होत नाही, आणि धावताना मागचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात. सशाचा सांगाडा त्याच्या एकूण वजनाच्या जेमतेम 7 ते 8 टक्के असतो, तर मागच्या पायांचे स्नायू मात्र विलक्षण ताकदीचे असतात. त्यामुळे घाबरून मारलेल्या एका उसळीत, पाय घसरताच, त्याचा स्वतःचाच मणका मोडू शकतो.

दोन वर्षांचा एक पांढरा ससा माझ्याकडे आणला होता. दाराची बेल वाजली म्हणून तो स्वयंपाकघरातून सोफ्याकडे धावला, वळताना घसरला आणि भिंतीवर आदळला. घरच्यांना वाटले, पाय मुरगळला असेल, म्हणून त्यांनी तीन दिवस कोमट तेलाने मालिश केली. माझ्या टेबलावर ठेवला तेव्हा मागचे दोन्ही पाय लुळे होते, लघवी तुंबून पोट फुगले होते, आणि तो पुढच्या पायांनी स्वतःला टॉवेलवर ओढत होता. पहिल्याच तासात त्याला न हलवता खोक्यात ठेवून आणले असते, तर निदान काही प्रयत्न करता आले असते. हे तीन दिवस वाया गेल्याचे मला आजही वाईट वाटते.

बाजारात ‘पेट मॅट’ म्हणून एकमेकांत अडकवायच्या फोमच्या रंगीत चौकटी विकल्या जातात. सशासाठी त्या घेऊ नका. तो त्यांच्या कडा कुरतडून गिळतो, आणि सशाला उलटी करताच येत नसल्याने गिळलेला फोम आतड्यात अडकू शकतो. घट्ट विणीची सुती सतरंजी पुरेशी आहे, मात्र तिची टोके कपाटाच्या किंवा पलंगाच्या पायांखाली दाबलेली हवीत. नुसती अंथरलेली गोधडी सशासकट घसरते, आणि तिच्या उसवलेल्या टाक्यांत नख अडकते. सतरंज्यांचे पट्टे खोलीभर सलग हवेत. पिंजऱ्याची तळजाळी उघडी असेल तर तिच्यावरही फळी आणि गवत घाला.

आज संध्याकाळी एक काम करा. सशाला उचलून उताणा करू नका. घरातल्या एकाने त्याला छातीशी नीट आधार देऊन धरावे आणि दुसऱ्याने मागच्या पायाच्या टाचेकडची लव बोटाने बाजूला सारून पाहावे. जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढा लाल, केस गेलेला चट्टा दिसला, तर ती जखमेची सुरुवात आहे आणि डॉक्टरांकडे जाण्यासाठी रविवारची वाट पाहू नये. एकाच जागी बसून राहणे सांधे किंवा मणक्याच्या दुखण्यामुळेही असू शकते, तेव्हा तपासणी तुम्हाला करून घ्यावीच लागेल.

प्रश्न : मनी प्लांट आणि सदाफुलीच्या कुंड्या सशाच्या खोलीत चालतील का? (डोंबिवली)

उत्तर : चालणार नाहीत, दोन्ही विषारी आहेत, त्याने पान खाल्ल्याची शंका आली तर तेच पान सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : अंगावर पिसवा दिसल्या म्हणून दुकानदाराने कुत्र्यांच्या मानेवर टाकायचे थेंब दिले. “अर्धेच टाका, काही होत नाही,” म्हणाला. टाकू का? (नाशिक)

उत्तर : मुळीच टाकू नका. कुत्र्यांच्या अशा अनेक थेंबांत फिप्रोनिल असते आणि ते सशांसाठी घातक आहे. मात्रा अर्धी केल्याने ते सुरक्षित होत नाही. औषध विकणाऱ्याने उपचार सांगण्याचा हा प्रकार थांबायला हवा. सशांना चालणारी औषधे वेगळी आहेत आणि ती वजन करूनच दिली जातात. तुमच्या डॉक्टरांना सशांचा अनुभव आहे का, हेही आधी विचारून घ्या.

प्रश्न : गॅलरीला कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो. दिवसभर ससा गॅलरीत राहू शकेल का? (नागपूर)

उत्तर : नाही. ती जाळी तो काही मिनिटांत कातरेल. खालच्या तीन फुटांना बारीक छिद्रांची वेल्डेड लोखंडी जाळी हवी, आणि तीही तुम्ही घरी असताना फेरफटका मारण्यापुरती. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून सोडतो, आणि तापमान 28 अंशांच्या वर गेले की त्याला त्रास सुरू होतो. नागपूरचा मे महिना त्याने गॅलरीत काढणे अशक्य आहे. घरातील सर्वांत थंड खोली द्या, गोठवलेल्या पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा. धापा टाकत असेल तर कान साध्या पाण्याने ओले करत थेट दवाखाना गाठा. बर्फाच्या पाण्यात मात्र बुडवू नका.

प्रश्न : पायपुसण्याचे धागे खाल्ल्यावर कालपासून काही खात नाही, लेंड्याही नाहीत. ग्राइप वॉटर देऊन दोन दिवस पाहावे का? (कोल्हापूर)

उत्तर : हे उत्तर छापून येण्याची वाट न पाहता तुम्हाला त्याच दिवशी फोनवर कळवले होते. इतर वाचकांसाठी लिहितो : ससा 12 तास काही खात नसेल आणि लेंड्या टाकत नसेल, तर ती तातडीची वेळ आहे, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात. आतडी अडकली आहेत की नुसती मंदावली आहेत, हे तपासल्याशिवाय घरी काहीही पाजू नये.

प्रश्न : गावी शेतात सशाचे पिल्लू सापडले. फ्लॅटमध्ये वाढवता येईल का? (सातारा)

उत्तर : नाही. तो रानससा आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार त्याला पाळता येत नाही. पिल्लाला जखम नसेल तर जिथे सापडले तिथेच परत ठेवा, आई दिवसभर दूर असली तरी दूध पाजायला येते. जखम असेल तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.