उन्हं कलेपर्यंत बस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं पोचली, सोबतचा लेखही. ‘काका, कलेवर लिहायचं तर नोकरी सोडून मुंबईत पदवी घेऊ का?’ याचं उत्तर मागाहून देतो. आधी लेखाबद्दल बोलू.

कोकणातल्या कातळशिल्पांवर, जांभ्याच्या कातळात कोरलेल्या त्या जुन्या आकृत्यांवर, तू चार पानं लिहिलीस आणि ‘गूढ’ हा शब्द नऊदा वापरलास. मी मोजला, जुनी खोड. २०२२ साली ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्यात कशेळी, बारसू, उक्षी, कुडोपी ही गावं; सगळं बरोबर आहे आणि सगळं फोनवर मिळतं. वय मात्र ‘वीस हजार वर्षं’ असं ठोकून दिलंस. अभ्यासकांचं अजून एकमत नाही, तुझं कसं झालं? पण तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे: ‘पावसाचं पाणी रेषेत साचलं होतं आणि माशाच्या शेपटीत बेडकाची पिल्लं वळवळत होती.’ म्हणजे तू तिथे उकिडवी बसली होतीस. त्या वाक्यापायी हे पत्र लिहितोय.

माझं ऐक. नोकरीच्या पंचविशीत रस्त्याची बातमी करायला गेलो होतो. गावातल्या एका म्हाताऱ्यानं हाताला धरून सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, नेलं आणि म्हणाला, ‘ही पांडवांची चित्रं.’ वेळ भर दुपारची. ऊन डोक्यावर, जांभा तापलेला, मला चार ओरखड्यांपलीकडे काही दिसेना. बातमीच्या शेवटी एक ओळ टाकली, ‘गुराख्यांनी कोरलेल्या काही आकृत्याही येथे आहेत.’ झालं. निवृत्तीनंतर परत गेलो तर तिथे चिरेखाण, बांधकामाला जांभ्याचे चिरे काढायची. पुरुषभर खोल खड्डा, तळाशी हिरवं पाणी. तिथे मासा होता की माणूस, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. त्या जागेवर छापलेली ओळ एकच, आणि ती माझी.

तू म्हणशील, काका, तुम्हाला कुठे ठाऊक होतं? खरंच नव्हतं. शिवाय संपादकांना सहापर्यंत मजकूर हवा असायचा, शेवटची एसटी चुकली की मुक्काम पडायचा, घरी दोन मुलं. ही कारणं मी तीस वर्षं स्वतःला सांगत आलोय आणि ती खोटीही नाहीत. पण अडचण अशी की खोदरेषा उथळ असते. ऊन डोक्यावर असेतो तिच्यात सावलीच पडत नाही. पाचनंतर उन्हं कलली की एक कड काळी होते, दुसरी उजळते, आणि कातळातून जनावर उठून उभं राहतं. नेमकी तीच माझी बातमी पाठवायची वेळ. म्हणून सांगतो, उन्हं कलेपर्यंत बस. बाकीचं सगळं मागाहून.

कशेळीचा हत्ती अठरा मीटर लांब, तेरा मीटर रुंद. शेजारी उभं राहिलं तर दिसतच नाही, रेषेच्या कडेनं चालावं लागतं. (अनवाणी. तिथे बूट घालून फोटो काढणाऱ्यांना मी शिव्या घालतो, तुलाही घालीन.) मी सुतळी आणि फूटपट्टी घेऊन बसलो. एका मीटरला दोन सेंटिमीटर धरले की अख्खा हत्ती छत्तीस बाय सव्वीसच्या कागदावर मावतो. चौथ्या संध्याकाळी कळलं की पोटातल्या ज्या आकृत्या मी तडा समजून सोडत होतो, ते प्राणी होते. चार दिवस! आणि मी त्या पहिल्या सड्यावर किती थांबलो होतो? एक विडी संपेपर्यंत.

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, हातानं रंगवलेले गोल पत्ते, पाहायला गेलो तेव्हाही तेच. दशावतारी संच एकशेवीस पानांचा, दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं. सगळी पाहायचा मोह होतो. मी मत्स्यावताराचं एकच पान धरून बसलो. तिथल्या बाई म्हणाल्या, ‘आजोबा, पुढचं दाखवू?’ नको म्हटलं.

आता पदवी. घ्यायची तर घे, वाईट काहीच नाही. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड पेशानं इंजिनिअर. त्यांनी आणि धनंजय मराठ्यांनी सडेच्या सडे पायी तुडवून ही शिल्पं उजेडात आणली. कलेची पदवी नाही म्हणून काही अडलं नाही. पण नोकरी सोडू नकोस, निदान एवढ्यात नको. महिन्यातून दोन संध्याकाळी माग. साहेब नाही म्हणाला तर भांड. मी भांडलो नाही, आणि त्याला ‘परिस्थिती’ म्हणत राहिलो.

आणि तो लेख कुठे छापायला देऊ नकोस. बेडकांचं वाक्य ठेव, बाकीचा फाड.

दिवाळीनंतर सड्यावरचं गवत वाळतं, तेव्हा ये. तीनला पोच. पाणी आण, तिथे सावली नाही. फोन गाडीत ठेवायचा. कागद, पेन्सिल, सुतळी माझ्याकडे आहे. दुसरं टोक धरायला माणूस लागतो, आणि हल्ली माझे गुडघे दुखतात.

तुझा,
काका