रागाच्या भरात घेतलेला डोस

"ताई, मी 29 वर्षांची आहे. 11 व्या वर्षापासून टाइप वन डायबेटिस. सहा महिन्यांपूर्वी संध्याकाळी धावायला सुरुवात केली, छान वाटत होतं. पण रात्री शुगर लो होते, मी घाबरून हाताला लागेल ते खाते आणि मग ती आभाळाला भिडते. परवा साडेदहाला 58 होती, 12 ला 310. चिडून 4 युनिट घेतले. 1 ला उतरली नाही म्हणून आणखी 4. 2 ला 290, मग आणखी 3. पहाटे साडेचारला 49. इन्सुलिन घेताना जागा बदलायला सांगतात, पण पोटावरच्या माझ्या दोन जागा ठरलेल्या आहेत, तिथे दुखत नाही. सेन्सरचा अलार्म वाजला की नवरा विचारतो, 'काय खाल्लंस?' म्हणून आता फोन उशीखाली ठेवते आणि त्याला आकडे खोटे सांगते. 18 वर्षं झाली, तरी मी एवढी बेशिस्त कशी?"

अगं, रात्री दोन वाजता घेतलेले डोस वेळेसकट ज्या मुलीला आठवतात, तिला मी बेशिस्त म्हणणार नाही. मीही तुझ्याच पंगतीतली. माझं इन्सुलिन 23 वर्षं चालू आहे आणि त्या तिसऱ्या डोसची मला चांगली ओळख आहे. तो आपण शुगरसाठी घेत नाही, शुगरवरचा राग काढायला घेतो.

परवाच्या रात्रीचा हिशेब मांडून बघू. जेवणाआधीचं जलद इन्सुलिन पंधराएक मिनिटांनी कामाला लागतं, तासा-दीड तासात जोरात येतं आणि पूर्ण ओसरायला चार-पाच तास घेतं. आपण ढोबळ चार तास धरू, म्हणजे तासाला पाव डोस संपतो. 2 वाजता 12 च्या डोसातले 2 युनिट शिल्लक होते, 1 च्या डोसातले 3. वर तू नवे 3 घेतलेस. म्हणजे 8 युनिट अंगात. तुझी शुगर एका युनिटला 40 ने उतरत असेल, तर हे 8 युनिट 320 उतरवू शकतात, आणि तू होतीस 290 वर. पोटातलं खाणं अजून जिरत होतं म्हणून थोडं तरलीस, नाहीतर साडेचारपर्यंतही थांबावं लागलं नसतं. 40 हा आकडा मी उदाहरणाला घेतलाय. तुझा खरा आकडा डॉक्टरांकडून काढून घे, आणि रात्रीचं करेक्शन, म्हणजे चढलेली शुगर उतरवायचा डोस, दिवसापेक्षा कमी ठेवायचं का, तेही विचार.

त्यात सेन्सर रक्त मोजत नाही, कातडीखालचा द्रव मोजतो. तो पाच-दहा मिनिटं मागे असतो, शुगर भराभर बदलत असेल तर जास्तच. तू स्क्रीनकडे टक लावून "हलत का नाही" म्हणत असतेस, तेव्हा आत उतरण सुरू झालेली असू शकते. म्हणून करेक्शन एकदा घ्यायचं, वेळ लिहायची आणि पुढचे तीन-चार तास इन्सुलिनच्या पेनला हात लावायचा नाही. अपवाद एकच: शुगर 250 च्या वर अडून बसली किंवा मळमळ, उलटी सुरू झाली, तर कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर रक्तात साठणारी आम्लं, तपासायचे. ते वाढलेले असतील तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना गाठायचं.

आता ती पहिली लो. माझा संशय धावण्यावर आहे. व्यायामाने रिकामे झालेले स्नायू नंतर कितीतरी तास रक्तातली साखर ओढत राहतात, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. धावणं सोडू नकोस. त्या दिवशी रात्रीच्या जेवणाचा डोस किंवा बेसल, म्हणजे दिवसभर पुरणारं संथ इन्सुलिन, किती कमी करायचं, हे ठरवून घे. दुसरा संशय त्या न दुखणाऱ्या दोन जागांवर. बोटांनी चाचपून बघ, कातडी जाड किंवा गाठाळलेली लागेल. तिथून इन्सुलिन कधी उशिरा उतरतं, कधी एकदम. जागा बदलायच्याच, पण डॉक्टरांना सांगून. ताज्या कातडीत तोच डोस जास्त लागू पडतो, डोस बहुधा कमी करावा लागेल.

लो झाल्यावर जे बकाबका खातेस, त्याला हावरटपणा म्हणू नकोस. मेंदूला साखर मिळत नसते, अॅड्रेनलिन उसळलेलं असतं, तेव्हा कोणीही असंच खातं. त्या क्षणी मन आवरायला जाऊ नये, सोय आधी करून ठेवावी. 15 ग्रॅम होतील इतक्या ग्लुकोजच्या गोळ्या मोजून वेगळ्या काढ. त्या खा, 15 मिनिटं थांब, बोटाला टोचून तपास, 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढ्याच. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. ती 15 मिनिटं फार लांब असतात, मी बाथरूममधल्या फरश्या मोजते.

नवऱ्याचं म्हणशील, तर "काय खाल्लंस" हा प्रश्न मलाही झोंबला असता. पण पहाटे 49 बघणाऱ्या माणसाला भीती वाटते, आणि भ्यायलेली माणसं चौकशा करतात. हे बोलणं अलार्म वाजत असताना करू नकोस. दिवसा, शुगर जागेवर असताना कर. "आकडा विचारू नकोस, गोळ्या हातात दे" एवढं सांग. तू शुद्धीत नसशील तर तोंडात काही घालायचं नाही, शुगर झटकन वाढवणारं ग्लुकॅगॉन द्यायचं आणि लगेच मदत बोलवायची, हे त्याला करून दाखव. माणसाला काम मिळालं की प्रश्न कमी होतात. फोन मात्र उशीखालून आजच काढ. हव्या तर शुगर हाय झाल्याच्या सूचना रात्री बंद ठेव, लो झाल्याचा अलार्म मोठ्याने वाजू दे.

आणि खोटे आकडे डॉक्टरांपुढे चालणार नाहीत. "मला या सगळ्याचा वीट आलाय" हेही त्यांना याच शब्दांत सांग. टाइप वन असलेल्यांना येणाऱ्या या थकव्याला डायबेटिस डिस्ट्रेस असं नाव आहे, त्यावर मदत मिळते. वीट जगण्याचाच येऊ लागला, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं, थांबायचं नाही.

एक माझी गोष्ट. अशाच एका तिसऱ्या डोसनंतर मी पहाटे गोळ्यांची डबी हातात धरून बसले होते आणि झाकण कसं उघडतात ते मला सुचेना. तेव्हापासून झोपताना झाकण सैल करून ठेवते. तूही ठेव.