बुजऱ्या विद्यार्थ्याचे विद्यापीठातील पहिले वर्ष

"विद्यापीठात येऊन तीन महिने होत आले, सगळ्यांचे गट जमले आणि मी एकटाच राहिलो, माझ्या स्वभावातच काही उणे आहे का?" पहिल्या वर्षाची मुले-मुली दरवर्षी हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. त्याचे उत्तर मी एका विद्यार्थ्याच्या अनुभवातून देते. त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आल्या आल्या त्याने मागणी केली ती अशी : "मॅडम, मला बोलकं करा." शाळेत त्याचे दोन जिवलग मित्र होते, परंतु वर्षानुवर्षे एकाच वर्गात वावरल्यामुळे ती मैत्री आपोआप जुळली होती, अनोळखी माणसाशी स्वतःहून ओळख करून घेण्याची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. त्याला काय वाटते हे विचारण्याआधी मी त्याला त्याचा सबंध दिवस सांगायला सांगितले. तो तास सुरू होता होता वर्गात शिरत असे, दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसत असे आणि तास संपताच सर्वांत आधी बाहेर पडत असे. मधल्या सुट्टीत कानात इयरफोन आणि नजर मोबाईलमध्ये असे. वसतिगृहातील मेसमध्ये गर्दी ओसरल्यावर तो जेवायला जाई आणि रात्री जुन्या मित्रांशी तासन्‌तास फोनवर बोले. कोणी बोलायला आलेच, तर उत्तराचे वाक्य तो मनात इतके घोटून घेई की ते तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असे, आणि खोलीवर परतल्यावर तेच संभाषण पुन्हा पुन्हा आठवून तो स्वतःला दोष देत राही.

सामाजिक भीतीचे, म्हणजे लोकांसमोर फजिती होईल या भीतीचे, जे विवेचन डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये मांडले, त्याच्याशी हे वर्णन बरेच जुळते. अशा माणसाचे लक्ष समोरच्याकडे नसून स्वतःच्या आवाजाकडे, चेहऱ्याकडे आणि धडधडीकडे लागलेले असते, आणि फजिती टाळण्यासाठी तो ज्या युक्त्या करतो त्याच त्याची भीती जिवंत ठेवतात. इयरफोन लावलेला मुलगा लाजतो आहे हे इतरांना कसे कळावे? त्यांना तो तुसडा वाटतो, किंवा त्याला एकटे राहायचे आहे असे समजून ते आदराने दूर राहतात.

म्हणून त्याला बोलका करण्याचे उद्दिष्ट मी स्वीकारले नाही. बुजरेपणा हा दोष नाही, आणि कमी बोलणाऱ्या माणसाला उत्तम मित्र मिळतात. आम्ही ठरवले ते इतकेच, की त्याने लपणे थांबवायचे. तासाच्या दहा मिनिटे आधी वर्गात जायचे, दुसऱ्या रांगेतील एकच जागा धरायची, इयरफोन पिशवीत ठेवायचे आणि मेसमध्ये सर्वांच्या वेळेला जेवायचे. "पण मी काही बोललोच नाही, तर नुसतं बसून काय उपयोग?" अशी शंका त्याने काढली, तेव्हा मी त्याला १९९२ मधील एका प्रयोगाबद्दल सांगितले. मोरलँड आणि बीच या संशोधकांनी दिसायला साधारण सारख्या चार तरुणींपैकी तिघींना विद्यापीठाच्या एका वर्गात अनुक्रमे पाच, दहा आणि पंधरा वेळा बसवले, तर चौथी एकदाही गेली नाही. त्या कोणाशीही बोलल्या नाहीत. तरीही सत्राअखेरीस विद्यार्थ्यांना छायाचित्रे दाखवली, तेव्हा जी जास्त वेळा आली होती ती त्यांना अधिक आवडली. नेमाने दिसत राहणे हेसुद्धा ओळखीचे काम करते, हे त्याला पटले.

बोलण्याची सुरुवात आम्ही कामाच्या प्रश्नांपासून केली. "प्रात्यक्षिकाची वही कधी द्यायची आहे?" असे विचारायला विनोदबुद्धी लागत नाही. प्रत्येक संभाषणानंतर आपण कसे बोललो हे न तपासता समोरच्याने सांगितलेली एक गोष्ट लिहून ठेवायची, असा गृहपाठ मी दिला. माझ्या मते सर्वांत अधिक उपयोग याचाच झाला, कारण लक्ष आतून बाहेर वळवण्याचा तो सराव होता, आणि पुढच्या भेटीत काय विचारायचे हेही त्याच वहीत सापडत असे.

मध्येच एक धक्का बसला. प्रात्यक्षिकाच्या गटातील मुले त्याला न सांगता फिरायला गेली आणि त्याने लगेच निष्कर्ष काढला की आपण कोणालाच नको आहोत. आम्ही मागचे प्रसंग पाहिले, तेव्हा त्यांच्या आधीच्या निमंत्रणांना त्याने काही ना काही कारण सांगून नकार दिल्याचे दिसले. इतरांना आपण किती आवडतो याचा अंदाज माणसे प्रत्यक्षापेक्षा कमीच करतात, असे मानसशास्त्रज्ञ बूथबी आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या संशोधनात आढळले आहे. वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांमध्ये ही तफावत कित्येक महिने टिकून होती. परीक्षेच्या आधी त्याने स्वतःहून गटातील दोघांना एकत्र अभ्यासाला बोलावले, आणि दोघेही आले.

वेळेचा हिशेबही विद्यार्थी चुकीचा मांडतात. संशोधक जेफ्री हॉल यांच्या २०१८ मधील अभ्यासानुसार, नुसत्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तासांचा सहवास लागतो आणि जवळच्या मैत्रीला २०० तासांहून अधिक. सुरुवातीच्या आठवड्यांत दिसणारे हसते-खिदळते घोळके बहुधा घाईने जमलेले असतात आणि त्यांतील बरेच पुढे विस्कटतात, हे मी नेहमी पाहते.

वर्गापुढे सादरीकरण करायलाही तो घाबरत असे; ती अडचण त्या मानाने लवकर सुटली. त्याने प्राध्यापकांना आधीच भेटून आपली भीती सांगितली, पहिल्यांदा जोडीने सादरीकरण केले आणि आवाज कापत असतानाही ते पूर्ण केले.

मात्र प्रत्येक वेळी एवढ्याने भागत नाही. भीतीमुळे तास, तोंडी परीक्षा किंवा जेवण सतत चुकत असेल आणि ही स्थिती सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकली असेल, तर तो सामाजिक चिंतेचा विकार असू शकतो. त्यावर बोधात्मक वर्तन उपचारपद्धती (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी, सीबीटी) परिणामकारक आहे आणि गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञ औषधेही देतात. झोप आणि भूक उडाली असेल, तर सहा महिने वाट पाहू नये, आणि जगणे नकोसे वाटत असेल तर त्याच दिवशी मदत घ्यावी.

दुसऱ्या सत्राच्या शेवटी त्याला दोन मित्र होते आणि बऱ्याच जणांशी बोलण्यापुरती ओळख होती. मोठ्या घोळक्यात तो आजही गप्पच असतो आणि त्याची त्याला आता खंत वाटत नाही. जुन्या मित्रांचे फोन बंद करायला मी सांगितले नव्हते, फक्त ते जेवणाच्या आणि अभ्यासाच्या वेळांत येऊ नयेत एवढे पाहिले होते. त्याच्या आईवडिलांनाही मी एक विनंती केली होती : रोज "मित्र झाले का?" असे विचारू नका, कारण त्या प्रश्नाने त्याला रोज नापास झाल्यासारखे वाटते; आज वर्गात काय शिकवले आणि शेजारी कोण बसले होते, एवढेच विचारा.