चाळणी बारीकच हवी

बाळा, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मास्कमध्ये पाणी भरलं, तू वर आलास, आणि नौदलाच्या डायव्हिंगच्या कोर्समधून तुला जहाजावर परत पाठवलं. इथवर ठीक. पण पुढे तू लिहितोस, “काका, डायव्हर मिळत नाहीत म्हणतात, मग एवढ्याशासाठी माणूस घालवायचा?” या वाक्यानं माझी झोप उडाली.

माणसं कमी आहेत, खरंच. नौदलात दहा हजारांवर खलाशी कमी असल्याचं सरकारनंच संसदेत सांगितलंय. त्यात डायव्हिंगला स्वतःहून नाव द्यावं लागतं, कान आणि सायनसच्या तपासणीतच कितीतरी पोरं गळतात. अग्निवीर ४ वर्षांचा, पुढे ठेवणार फार तर २५ टक्के. आणि डायव्हर मुरायला वर्षं जातात. सगळं मान्य. तरी चाळणी बारीकच हवी.

१४ ऑगस्ट २०१३ ला मुंबईच्या गोदीत सिंधुरक्षक पाणबुडी बुडाली. आत १८ जण. त्यांना शोधायला डायव्हर उतरले. स्फोटानं झाकणं वाकलेली, पाणी तापलेलं, डोळ्यासमोर धरलेला हात दिसेना. जागा इतकी चिंचोळी की एका वेळी एकच डायव्हर काम करू शके. तू मास्क भरल्यावर वर आलास ना? तिथं ‘वर’ नसतं रे!

आता माझं सांगतो, घरीही कधी बोललो नाही. मी डायव्हिंग शिकवत होतो तेव्हा एका बॅचला पोरं फार थोडी उरली. एक आपल्याच भागातला, पोहण्यात मासा. फक्त मास्क भरला की श्वास चढायचा. बुडबुडे सुटे सुटे यायचे सोडून नुसता फेस यायचा. मला दिसत होतं. तरी सही केली, कारण माणसं हवी होती. पुढे एका बंदरात १८ मीटरवर त्यानं जोडीदाराच्या तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा देणारा तुकडा, ओढला. दोघं वाचले, पण जोडीदाराच्या फुप्फुसाला इजा झाली. तो जोडीदार पुन्हा पाण्यात उतरला नाही. त्यानंतर मी कुणालाही सवलत दिली नाही. निर्दयी म्हणाले, म्हणू देत. परत पाठवलेल्या पोरांबद्दल मला वाईट वाटतं, पश्चात्ताप मात्र नाही. पश्चात्ताप त्या एका सहीचा आहे. म्हणून सांगतो, चाळणी बारीकच हवी.

२०१९ च्या पुरात शिरोळला नौदलाची बोट तुमच्या दारात आली, आजीला उचलून नेलं, म्हणून तू भरती झालास. त्या पोरांना कुणी दया करून पास केलेलं तुला चाललं असतं?

रडणं पुरे. पाणी नाकात जाऊ दे, तोंडानं श्वास चालू ठेव. मास्कची वरची कड दाब, मान किंचित वर कर, नाकानं हळू फुंक. रोज कर, पण काठावर माणूस ठेवून. पुन्हा नाव दे. सवलत मागू नकोस.

दिवाळीनंतर सुट्टी काढून मालवणला ये. सिलिंडर भरून ठेवतो, मास्कच्या काचेवर काळी पट्टी लावू. तू खाली जा, मी होडीत बसून तुझे बुडबुडे बघतो.

तुझा,
काका